फ्रेंच कल्पनेची बंदूक : दप्तरांतली आणि पडद्यावरची

सातारा व सांगलीकडील जुन्या घराण्यांतून दप्तरांच्या शोधार्थ हिंडणाऱ्या संग्राहकांस कागदांच्या रुमालांबरोबर कधीं कधीं एखादी बंदूक किंवा संगीनही दाखविण्यांत येते. 'ही सत्तावन सालच्या बंडांतली' असें तिजविषयीं सांगितलें जातें. हें कशावरून, असें विचारलें असतां उत्तर बहुधा ऐकीव गोष्टीचें, आणि अलीकडे चित्रपटांत पाहिलेल्या बंदुकीच्या साम्याचें मिळतें. कागदाचा काल ठरवितांना आपण मोडीचें वळण, शिक्का व मिती पाहतों. हत्याराचा काल मात्र पडद्यावरील चित्रावरून ठरवूं लागतों, हें योग्य नव्हे. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्स देशांत लष्करी रायफलींत ज्या सुधारणा झाल्या, त्यांचा आमच्या प्रांताच्या इतिहासाशीं कोठें संबंध येतो आणि पडदा त्याविषयीं कोणता घोटाळा करतो, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. तोड्याची बंदूक म्हणजे जळत्या जामगीनें रंजक पेटविणारी. पथरकला अथवा चकमकीची म्हणजे गारेची ठिणगी पाडणारी. आणि टोपीची म्हणजे घोड्याखालीं स्फोटक द्रव्याची तांब्याची टोपी ठेवून उडविण्याची. तिन्ही जातींच्या लष्करी बंदुका तोंडाकडून ठासावयाच्या असत. गारदी हा शब्द फ्रेंच भाषेंतून आला असें मानतात. ब्युसी याच्या हाताखालीं तयार झालेल्या पलटणींच्या द्वारें फ्रेंच कवाईत दक्षिणेंत शिरली हें तर प्रसिद्धच आहे. साताऱ्याजवळील माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांजवर प्रभात कंपनीनें १९४४ सालीं बोलपट काढला. त्याच्या कथेच्या मुळाशीं ३० ऑगस्ट १७७३ रोजीं गारद्यांनीं केलेला नारायणरावांचा खून आहे. त्या काळच्या गारद्याची कवाइती बंदूक चकमकीची व सपाट नळीची. सपाट नळीची बंदूक आणि रायफल यांतील भेद ध्यानांत घेतल्याशिवाय पुढील विवेचन कळणार नाहीं.

रायफलीच्या नळीच्या आंतील अंगास पिळदार खांचा असतात. त्यांत गोळी घट्ट बसली म्हणजे बाहेर पडतांना ती स्वतःभोंवतीं फिरते व दूरवर नेमकी जाते. अडचण अशी कीं, घट्ट गोळी तोंडाकडून ठासण्यास वेळ फार लागे. ढिली घातली तर खांचांचा उपयोग होत नसे. ही अडचण फ्रेंच अंमलदारांनीं सोडविली. देल्विन्य यानें १८२६ च्या सुमारास नळीच्या बुडाशीं अरुंद कोठी ठेविली व तिच्या कडेवर गोळी गजानें ठोकून पसरविण्याची युक्ति काढली. तूव्नँ यानें पुढें कोठीऐवजीं बुडांत पोलादी खुंटी बसविली. शेवटीं १८४९ मध्यें कॅप्टन मिनिये यानें ठोकण्याचेंच काम काढून टाकलें. त्याची गोळी लांबट, टोंकदार व बुडाशीं पोकळ असे. पोकळींत लोखंडाची लहान वाटी बसविलेली असे. गोळी ढिली असल्यामुळें सहज आंत जाई; बार पेटला कीं वायूच्या जोरानें ती वाटी वर चढून शिशाचा घेर फुगे व गोळी खांचांत घट्ट बसे. इंग्रज सरकारनें १८५१ सालीं ही पद्धति उचलली आणि मिनियेस वीस हजार पौंड दिले. १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड रायफल ही हिचीच कन्या. नळीचा व्यास ०·५७७ इंच, वाटीचा लोप, परंतु फुगणाऱ्या गोळीचें तत्त्व तेंच.

येथें आमच्या प्रांताचा एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. छत्रपति प्रतापसिंह महाराजांस १८३९ सालीं पदच्युत करण्यांत आलें. त्यांचे वकील रंगो बापूजी हे १८४० च्या सुमारास लंडनला जाऊन १८५३ च्या अखेरपर्यंत तेथें न्यायाकरितां झगडत राहिले. मध्यंतरीं १८४८ मध्यें सातारचें राज्य खालसा झालें. म्हणजे साताऱ्याचा वकील ज्या शहरांत अर्ज करीत होता, त्याच शहरांत त्याच वर्षीं इंग्रजी फौजेकरितां फ्रेंच कल्पनेची ही रायफल मुक्रर होत होती. पुढें तिच्याच चरबीच्या काडतुसांवरून हिंदुस्थानांत आग भडकली. सातारच्या कटाचा बोभाटा १८५७ च्या जूनमध्यें झाला आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजीं गेंडामाळावर सतरा जणांस, कोणास फांशी देऊन, कोणास तोफेच्या तोंडीं व कोणास गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. रंगो बापूजींचे पुत्र सीताराम हे त्यांपैकींच एक.

आतां पडद्याकडे वळूं. केतन मेहता यांनीं २००५ सालीं काढलेल्या मंगल पांडे यांजवरील चित्रपटांत काडतूस दांतांनीं तोडण्याचा प्रसंग मोठ्या परिणामकारक रीतीनें दाखविला आहे. पाहणाराची सहजच समजूत होते कीं, नवी रायफल शिपायांच्या हातीं सर्वत्र आली होती. वस्तुस्थिति निराळी आहे. १८५७ च्या आरंभीं एन्फील्डचें शिक्षण बंगालच्या फौजेंत डमडम, अंबाला व सियालकोट या ठिकाणीं निवडक तुकड्यांस मिळत होतें. बराकपूरच्या ३४ व्या पलटणीस ती रायफल वांटलेली नव्हती. मंगल पांडे यांनीं २९ मार्च रोजीं झाडलेली बंदूक जुन्या सपाट नळीची. मीरत येथें २४ एप्रिल रोजीं नव्वदांपैकीं पंचाऐंशी स्वारांनीं जीं काडतुसें नाकारलीं, तीं देखील जुन्याच पद्धतीचीं होतीं. यावरून काडतुसाचा संशय खोटा ठरत नाहीं. संशय हत्याराच्या पुढें धांवला होता, एवढेंच सिद्ध होतें.

बंडानंतर सरकारनें देशी पलटणींस बाहेरून एन्फील्डसारख्या दिसणाऱ्या, पण आंतून खांचा नसलेल्या, सुमारें ०·६५ इंच व्यासाच्या बंदुका दिल्या. सबब एन्फील्डच्या घडणीची टोपीची बंदूक सांपडल्यास नळींत खांचा आहेत कीं नाहींत हें आधीं पाहावें. खांचा नसतील तर ती बंदूक बंडाची नसून बंडामुळें उत्पन्न झालेल्या अविश्वासाची साक्ष असण्याचा संभव मोठा.

दुसरा घोटाळा पुढच्या पिढीच्या फ्रेंच रायफलींचा. १८६६ ची शास्पो ही मागील बाजूनें भरावयाची. दाराच्या खिटीप्रमाणें सरकणारा दांडा, कागदी काडतूस भेदणारी सुई आणि वायु अडविण्यास रबराचें कडें ही तिचीं लक्षणें. १८७०-७१ च्या प्रशियाबरोबरच्या युद्धांत फ्रेंचांच्या हातीं हीच होती. तिच्यांत सुधारणा करून धातूच्या काडतुसाची ग्रा रायफल १८७४ सालीं झाली. आणि १८८६ ची लेबेल ही आठ मिलिमीटर व्यासाची, बिनधुराच्या दारूवर चालणारी पहिली लष्करी रायफल. फ्रान्समध्यें पडदा व ही बंदूक यांची गांठ फार लवकर पडली. १ सप्टेंबर १८७० च्या बाझेय येथील झुंजीवर द नव्हिल या चित्रकारानें १८७३ सालीं 'शेवटचीं काडतुसें' हें चित्र काढलें व त्याच नांवाचा छायापट मेलिएस यानें १८९७ त केला. तेथें युद्ध पाहिलेले लोक प्रेक्षकांत होते. चूक झाली तर ती ओळखणारे होते. आमच्याकडे तसा प्रेक्षक उरलेला नाहीं. म्हणून सत्तावनचा प्रसंग असून शिपाई मागील बाजूनें काडतूस भरतांना दिसला, तर तो कालविपर्यास समजावा.

शास्पोची संगीन विशेष फसवी आहे. पितळेची रेघांची मूठ व सुमारें साडेबावीस इंचांचें नागमोडी वळणाचें पातें, यामुळें ती लहान तलवारच वाटते. परंतु पात्याच्या पाठीवर कारखान्याचें नांव, महिना व साल बारीक वळणदार अक्षरांत कोरलेलें असतें. ग्राच्या सरळ पात्यावरही तसेंच. बंदुकीवर सँत-एत्येन इत्यादि कारखान्याचें नांव व नमुन्याचें साल आढळतें. ज्या वस्तूवर १८६६ किंवा १८७४ हा आंकडा आहे, ती कोणाही थोर पुरुषाच्या नांवानें सांगितली तरी सत्तावनांतली असूं शकत नाहीं. म्हणून वाळू किंवा विटेच्या पुडीनें घासूं नये. अक्षरें गेलीं कीं पुरावा गेला. ठासणीच्या बंदुकींत जुना बार राहून गेलेला असण्याचा धोका असतो. जाणत्याकडून तपासल्यावांचून चापास हात लावूं नये. १९५९ च्या शस्त्रकायद्याचेंही भान ठेवावें.

या प्रांतीं जुनीं हत्यारें थोडीं कां, याचेंही कारण कागदांतच आहे. १८५७ चा निःशस्त्रीकरणाचा कायदा व १८७८ चा शस्त्रकायदा यांनीं घरोघरचीं हत्यारें काढून घेतलीं. दक्षिण मराठा देशांत हा प्रसंग किती कडवट झाला, हें नरगुंदच्या बाबासाहेबांच्या १८५८ च्या उठावावरून दिसतें. सबब बंदुकीइतकाच तिचा परवाना, जप्तीची याद, पोंचपावती हा ऐवज मोलाचा आहे. बंदूक एका खोलींत व कागद दुसऱ्या रुमालांत, अशी ताटातूट होऊं देऊं नये.

सांगलीस १८४३ सालीं विष्णुदास भावे यांनीं सीतास्वयंवराचा खेळ केला, तेव्हां रंगभूमीवरील शिवधनुष्य खरें नव्हे हें पाहणारे जाणत होते. आजच्या पडद्यावरची बंदूक खरी वाटते, हाच भेद. ज्या मेणवलीनें नाना फडणिसांचें दप्तर दिलें व पारसनीसांसारख्या संग्राहकांस साताऱ्यांत राहून कार्य करण्यास बळ दिलें, तीच मेणवली आतां चित्रपटांचें स्थळ झाली आहे. त्याचें आम्हांस वैषम्य नाहीं. पडद्यानें जिज्ञासा उत्पन्न करावी. निर्णय मात्र कागदानें व वस्तूवरील अक्षरांनींच द्यावा. गेंडामाळावर ज्यांनीं प्राण दिले, त्यांच्या नांवावर नऊ वर्षांनीं घडलेली परकी बंदूक चढविणें हा त्यांचा गौरव नव्हे.