हमीभावाच्या हिशेबात न धरलेला खर्च

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आणि त्यामागे केंद्राने धरलेला उत्पादन खर्च ३,५५२ रुपये, म्हणजे बरोबर दीडपट. खरा वाद या दुसऱ्या आकड्याचा आहे. बियाणे, खत, फवारणी, मजुरी यांवर खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांच्या राबण्याचे मोल त्यात येते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या स्थिर भांडवलावरचे व्याज येत नाही. कृषी खर्च व मूल्य आयोग हे दोन्ही धरून ‘सी-२’ हा वेगळा खर्च काढतो. शेतकरी संघटना त्याच्या दीडपट भाव मागतात.

ही मागणी अर्थशास्त्राला धरून आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवत किंवा सेलू तालुक्यातला शेतकरी पाच एकर स्वतः कसतो, तेव्हा ते रान ठोक्याने देऊन मिळाली असती ती रक्कम तो सोडून देतो. ही सोडलेली कमाई म्हणजे संधी खर्च. त्याची पावती फाटत नाही, पण दीडपटीतला बराचसा नफा त्यातच जिरतो.

पीक निवडतानाही हाच खर्च लागू होतो. कापसाची वेचणी डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालते आणि तोवर रान अडकून पडते. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघते, मागून हरभरा किंवा रब्बी ज्वारी घेता येते. कापसाच्या खर्चात हा न घेतलेला हरभरा मोजायला हवा. ज्वारीचे मोल तर नुसत्या दाण्याच्या भावावरून ठरतच नाही. ज्वारी सोडली की जनावरांसाठी कडबा विकत आणावा लागतो, तोही ऐन टंचाईच्या उन्हाळ्यात, चढ्या भावाने.

दुबार पेरणीत हिशेब उलटा. पावसाने ओढ दिली की पहिल्या पेरणीचे पैसे गेले ते गेले. विरळ उगवलेले पीक ठेवायचे की मोडायचे, हे पुढे किती घालावे लागेल आणि किती पदरात पडेल एवढ्यावरच ठरावे.

काही खर्च मात्र अनेक वर्षांनी दिसतात. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात २००६-०७ पासून खरिपात सोयाबीन आणि रब्बीत करडई असा खतांचा दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. एका वाफ्याला नुसते नत्र, दुसऱ्याला नत्र-स्फुरद-पालाश, तिसऱ्याला जोडीला शेणखत, एकाला काहीच नाही. दरवर्षी त्याच वाफ्याला तेच. चांगल्या पावसाच्या वर्षी उपाशी वाफाही बऱ्यापैकी पिकू शकतो आणि शेणखतावरचा खर्च वाया गेल्यासारखा वाटतो. म्हणून एका हंगामाच्या निकालावर विसंबणे धोक्याचे. देशात १९७० पासून चाललेल्या अशा प्रयोगांत नुसत्या नत्रावरच्या वाफ्यांचे उत्पादन बहुतेक ठिकाणी ढासळत गेले, शेणखत जोडलेल्यांचे टिकले.

सी-२ मध्ये अवजारांची झीज धरली जाते, जमिनीच्या कसाची नाही. ती धरायची ठरवली, तर त्यासाठी लागणाऱ्या नोंदी परभणीत वर्षानुवर्षे जमा होत आहेत.