अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे हृदय मोजताना

अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले की घरच्यांचा पहिला प्रश्न वजनाचा असतो, दुसरा श्वासाचा. हृदयाविषयी सहसा कोणी विचारत नाही. पडद्यावर ठोके उमटत असतात, शेजारी रक्तदाबाचा आकडा दिसत असतो आणि तेवढ्याने धीर येतो. हा आकडा फसवा असू शकतो, हे मात्र आता पुरेसे स्पष्ट झाले आहे. प्रत्यक्ष रक्तप्रवाह मोजण्याच्या खटपटीत नवजात शिशू अतिदक्षता विभागात प्रशिक्षण घेणारे तरुण डॉक्टरही गुंतलेले असतात.

गर्भात असताना बाळाचे रक्त नाळेवाटे वारेत खेळत असते आणि तेथे त्याला फारसा अवरोध होत नाही. नाळ कापताच हा सोपा मार्ग बंद होतो व हृदयाच्या डाव्या बाजूवर एकाएकी भार येतो. पूर्ण दिवसांचे बाळ तो पेलते. अठ्ठावीस आठवड्यांच्या बाळाच्या हृदयस्नायूत आकुंचन पावणारे तंतू कमी असतात, त्यामुळे जोर अपुरा पडतो. अशा वेळी शरीरातील रक्तवाहिन्या आकसून दाब टिकवून धरतात. आकडा ठीक दिसतो, पण मेंदूला रक्त कमी पडत असते.

सिडनी येथील रॉयल प्रिन्स आल्फ्रेड रुग्णालयातील निक इव्हान्स व मार्टिन क्लकॉव यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत महत्त्वाचा ठरला. अशा बाळांत डक्टस आर्टेरिओसस ही गर्भावस्थेतील जोडवाहिनी उघडीच असते. हृदयातून बाहेर पडलेले काही रक्त तिच्यातून पुन्हा फुफ्फुसांकडे वळते व हिशेब चुकतो. म्हणून या दोघांनी डोके व हातांकडून हृदयाकडे परतणारे रक्त मोजले. तीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या १२६ बाळांपैकी एक तृतीयांशाहून अधिक बाळांत हा प्रवाह पहिल्या दिवशी कमी आढळला. विशेष म्हणजे मेंदूतील उशिराचा रक्तस्राव प्रवाह घटला असताना नव्हे, तर तो पूर्ववत होऊ लागल्यावर झाला.

ही मोजणी वाटते तितकी सोपी नाही. रक्तवाहिनीची रुंदी अवघी काही मिलिमीटर असते आणि प्रवाह काढताना तिचा वर्ग करावा लागतो. रुंदीत दहा टक्के चूक झाली तर उत्तर सुमारे वीस टक्क्यांनी चुकते. म्हणून एकाच बाळाची मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे करून ती कितपत जुळते हे पाहणे, हाच कित्येक अभ्यासांचा विषय असतो. बाहेरच्या माणसाला हे काम कंटाळवाणे वाटेल, परंतु त्यावाचून पुढचे सारे निष्कर्ष डळमळीत राहतात. शिवाय जेल कोमट हवे, तपासणी थोडक्यात उरकायला हवी; बाळ थंड पडता कामा नये.

उघडी जोडवाहिनी औषधाने बंद करावी, असा एकेकाळी सर्रास प्रघात होता. युरोपात २७३ बाळांवर झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, औषध न देता वाट पाहणे आयब्युप्रोफेनच्या तुलनेत कमी प्रतीचे ठरले नाही. ब्रिटनमधील ६५३ बाळांच्या चाचणीतही (२०२४) लवकर औषध देऊन मृत्यू वा फुफ्फुसांच्या दीर्घकालीन विकाराचा धोका घटला नाही. मग नेमक्या कोणत्या बाळाला उपचार लागतो? सर्वांना एकच मापदंड लावून याचे उत्तर मिळणार नाही.

भारतात २०२० साली सुमारे ३० लाख मुले मुदतपूर्व जन्मली, असा अंदाज आहे. बालरोगशास्त्रातील एम. डी. पदवीसाठी येथे प्रबंध लिहावा लागतो, पण एका विद्यार्थ्याच्या वाट्याला येणारी बाळे थोडी आणि मुदत मर्यादित. अनेक रुग्णालयांनी एकाच पद्धतीने मोजून नोंदी एकत्र केल्या, तर या प्रबंधांचे मोल कितीतरी वाढेल. प्रवाह सर्वांत कमी होतो तो जन्मानंतरच्या पहिल्या बारा तासांत. बाळ रात्री जन्मले, तर त्या वेळी त्याच्याजवळ बहुधा निवासी डॉक्टरच असतो.