सातबाऱ्यावर न चढलेलं कीर्तन

दिवाळी अंकासाठी संपादकांनी ‘घरातली यंत्रं’ हा विषय दिला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर शिलाई मशीन किंवा फार तर जुना रेडिओ असावा. मी मंचर गाठलं ते एका स्टिरिओसाठी. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. आंबेगाव तालुक्याचं ठाणं घोडेगावला असलं, तरी तालुक्याचा पैसा फिरतो तो मंचरला, बाजार समितीत. बटाट्याच्या गोण्या आणि उसाच्या ट्रॉल्या चुकवत एका गल्लीत शिरलं की निवृत्त शिक्षकाचं घर लागतं. गल्ली त्यांना गुरुजी म्हणते, मीही तेच म्हणेन.

बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये तो सेट आहे. मधला डबा वहीपेक्षा थोडा मोठा, पुढचा दर्शनी भाग घासलेल्या ॲल्युमिनियमचा, दोन्ही बाजूंना लाकडी खोक्यातले छोटे स्पीकर. लखलखणारे दिवे नाहीत की उड्या मारणाऱ्या रंगीत पट्ट्या नाहीत. वर गुरुजींच्या पत्नीने, म्हणजे काकूंनी, भरलेला रुमाल. सेटमध्ये रेडिओ आहे, सीडी आहे आणि खाली एक अरुंद फट आहे. तिच्यात जाते ती मिनीडिस्क.

मिनीडिस्क आपल्याकडे फारशी आलीच नाही, म्हणून थोडं सांगायला हवं. सोनीने ती 1992 मध्ये बाजारात आणली. प्लॅस्टिकच्या चौकोनी डबीत 64 मिलिमीटर व्यासाची चकती, तिच्यावर 74 मिनिटं, पुढे 80 मिनिटं आवाज मावायचा. कॅसेटसारखं घरच्या घरी रेकॉर्ड करा, पुसा, पुन्हा करा, आणि सीडीसारखं हव्या त्या गाण्यावर उडी मारा, असा तिचा दावा होता आणि तो खरा होता. जपानमध्ये सीडी भाड्याने मिळायच्या. लोक आणायचे, मिनीडिस्कवर उतरवायचे, परत करायचे. त्यामुळे तिथे असे देखणे छोटे सेट घरोघरी दिसू लागले. आपल्याकडे टी-सीरीजच्या स्वस्त कॅसेटींनी बाजार भरलेला होता आणि त्यांच्यामागून एमपी3च्या सीडी आल्या. मधल्या मध्ये ही डबी राहून गेली.

मंचरला ती आली गुरुजींच्या भाच्याच्या बॅगेतून. भाचा सॉफ्टवेअरच्या कामावर टोकियोत होता. परतताना मामांसाठी सेट आणला आणि सोबत कोऱ्या डिस्कची चवड. घरी आल्यावर कळलं, की जपानात वीज 100 व्होल्टची आणि आपल्याकडे 230ची. पुण्याच्या तपकीर गल्लीतून ट्रान्सफॉर्मर आला. तो आजही शोकेसच्या खालच्या कप्प्यात गुरगुरतो. एफएम लावायला गेले तर नुसती खरखर, कारण या जपानी सेटचा एफएम 90 मेगाहर्ट्झला संपतो आणि पुण्याची विविध भारती 101 वर. मध्यम लहरी मात्र चालल्या. तिकडेही आकडे नऊ-नऊच्या टप्प्याने चढतात, इकडेही. पुणे आकाशवाणीचे 792 किलोहर्ट्झ त्या टप्प्यात चपखल बसले. “परदेशी पाहुणा, पण आकाशवाणी ऐकतो म्हटल्यावर घरचाच झाला की!” गुरुजी म्हणतात.

शोकेसमधल्या वस्तूला आपल्याकडे वर्षातून दोनदा फडकं मारतात, एवढाच तिचा वापर. गुरुजींनी तसं होऊ दिलं नाही. घरासमोरच्या देवळात दर वर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. काकडा, हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचं. गुरुजींनी माईकवाल्याला गाठलं, त्याच्या मिक्सरमधून एक वायर काढली, गल्ली ओलांडून खिडकीतून आत घेतली आणि सेटच्या मागे खोचली. माईक मांडून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये येणारा भांड्यांचा नि पोरांच्या रडण्याचा आवाज त्यामुळे टळला. कीर्तन दोन तासांचं आणि डिस्क सव्वा तासाची, हा पेच त्यांनी मोनोवर रेकॉर्ड करून सोडवला. मोनोत जागा दुप्पट होते, 74 मिनिटांच्या डिस्कवर 148 मिनिटं बसतात. स्टिरिओ विकत घेणारे मोनोचं बटण बहुधा कधी दाबत नाहीत. गुरुजींनी दुसरं फारसं दाबलंच नाही.

हे यंत्र लिहितं कसं, ते मला भारी वाटतं. रेकॉर्डिंगच्या वेळी खालून लेसर चकतीवरचा एक सूक्ष्म ठिपका दोनशे अंशांच्या जवळपास तापवतो. तेवढ्या उष्णतेला तिथलं चुंबकत्व सैल होतं. त्याच क्षणी वरून एक इवलंसं चुंबकी डोकं त्याला दिशा देतं आणि ठिपका थंड होताच ती दिशा पक्की होते. कीर्तन चालू असताना हे अखंड चाललेलं असतं. आवाज मूळ आकारात ठेवत नाहीत. कानाला जे ऐकू येणार नाही ते गाळून, सीडीच्या जेमतेम पाचव्या हिश्शात बसवतात. मृदंगाची थाप त्यातूनही ठसठशीत येते, हे मी त्या खोलीत बसून ऐकलं आहे.

पण या यंत्राची एक खोड आहे. कुठला आवाज चकतीवर कुठे आहे, याची नोंद ते डिस्कच्या आतल्या कडेला करतं आणि तीही सगळ्यात शेवटी, रेकॉर्डिंग थांबवल्यावर. तोवर ही नोंद फक्त यंत्राच्या डोक्यात असते.

2006-07च्या सुमाराची गोष्ट. भारनियमन जोरात होतं. सप्ताहात एका बुजुर्ग कीर्तनकाराचं कीर्तन रंगात आलेलं, दीड तास झालेला, आणि लाईट गेली. मंडपाला जनरेटर होता, म्हणून बाहेर कीर्तन चालूच राहिलं. गुरुजींच्या घरात अंधार. लाईट आल्यावर सेटच्या पडद्यावर शब्द उमटले, डिस्क कोरी आहे. पुढच्या सप्ताहाआधी ते कीर्तनकार गेले.

“जमीन जागेवर आहे, कसतोय, पीक उभं आहे,” गुरुजी मला म्हणाले, “पण सातबाऱ्यावर नोंद नाही. मग सरकार म्हणणार, तुमचं काही नाही.”

त्यांनी डिस्क पुसली नाही, तिच्यावर दुसरं काही घेतलं नाही, चिठ्ठी चिकटवून कपाटात ठेवली. भाचा सुट्टीवर आला तेव्हा त्याने तोडगा आणला. मिनीडिस्कच्या शौकिनांमध्ये ही युक्ती माहितीची आहे. दुसऱ्या डिस्कवर पूर्ण लांबीची शांतता रेकॉर्ड करायची. नोंद लिहिली जाण्याआधी, सेट उघडा ठेवून, यंत्राला कळू न देता डिस्क बदलायची. यंत्र आपल्या डोक्यातली नोंद हरवलेल्या डिस्कवर लिहून मोकळं होतं. पहिला प्रयत्न वाया गेला, कारण शांतता स्टिरिओत घेतली होती. कीर्तन मोनोत होतं आणि तो फरकसुद्धा नोंदीतच असतो. दुसऱ्यांदा मोनोत घेतली आणि खोलीत टाळ वाजले. अडीच तासांचा एकच सलग तुकडा म्हणून नोंद चढली होती. त्यातला दीड तास आवाज आहे आणि निरूपणाच्या अर्ध्या वाक्यात तो तुटतो. मग घरी इन्व्हर्टर आला.

गुरुजींकडे आज सव्वाशेच्या आसपास डिस्क आहेत. बहुतेक कीर्तनं, थोडी आकाशवाणी आणि दोन डिस्कवर त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. ते काम आज लोकांना वाचता-ऐकता येतं. मंचरच्या कपाटातल्या दोन डिस्क कुणाच्याच यादीत नाहीत. पंधरा-सोळा किलोमीटरवरचं नारायणगाव तमाशाची पंढरी. त्याच्याजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या तीस अँटेना आकाशातून आलेल्या रेडिओलहरी टिपत उभ्या आहेत. त्या लहरी जपून ठेवायला संस्था आहे. गावच्या फडावरचा, देवळातला आवाज जपायचा तर असा एखादा हौशी माणूस निघावा लागतो, आणि मला हे बरं वाटत नाही.

शिवाय यंत्र आता थकलं आहे. डिस्क आत घेणारी यंत्रणा कधी डिस्क घेते, कधी अर्ध्यावर ठेवून देते. लेसर क्षीण झाला आहे, जुन्या डिस्क वाचायला दोन-तीनदा आतबाहेर कराव्या लागतात. सेट पुण्यात दुरुस्तीला नेला, तर दुकानदाराने झाकण उघडून पाहिलं आणि सुटा भाग मिळणार नाही म्हणून पुन्हा बसवलं. खोटं नव्हतं त्याचं. सोनीने मिनीडिस्कचे स्टिरिओ सेट 2013च्या मार्चमध्ये बंद केले आणि फेब्रुवारी 2025 मध्ये कोऱ्या डिस्क बनवणंही थांबवलं. डिस्कला मात्र काही झालेलं नाही. उष्णतेशिवाय तिच्यावरचं चुंबकत्व हलत नाही, डबीमुळे धूळ-ओरखडे नाहीत. घरी लिहिलेल्या सीडीतला रंग उडतो, तसला प्रकार इथे नाही. माल शाबूत आहे आणि कुलूप उघडणारी एकमेव किल्ली झिजत चालली आहे.

या सेटमधून डिजिटल प्रत बाहेर काढायची सोय नाही. आवाज वाजवायचा आणि वाजता वाजता संगणकात उतरवायचा, एवढाच मार्ग. सव्वाशे डिस्क, मोनोत भरलेल्या, म्हणजे तीनशे तासांच्या घरातलं काम. थकलेल्या लेसरला तीनशे तास चालवायचं का, हा प्रश्न गुरुजींनी अजून सोडवलेला नाही. “नाही चालवला तर वाचेल, पण कशासाठी वाचेल?” काकूंनी आतून विचारलं. गुरुजींनी त्यावर उत्तर दिलं नाही. मला विचाराल तर काकूंचं बरोबर आहे. आधी ओव्या, मग ते तुटलेलं कीर्तन, मग लेसर नेईल तिथवर.

तुमच्याही घरी कपाटात अशा डब्या असतील, तर आधी प्रत्येक डबीच्या कडेची छोटी कळ सरकवून तिच्यावर पुन्हा लिहिणं बंद करा. सेट चालू असताना वीज जाणार नाही, एवढी तजवीज ठेवा. मग इअरफोनच्या भोकातून वायर काढून संगणकात आवाज उतरवायला बसा. सुरुवात गाण्यांपासून करू नका, ती बाजारात मिळतील. घरातल्या माणसांच्या आवाजापासून करा, आणि याच दिवाळीच्या सुट्टीत करा.