न्हावा-शेवाची वीज, खडक्याचं पाणी

मराठवाड्यातल्या सोनपेठ तालुक्यापासून समुद्र रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. इथली माणसं कापूस, सोयाबीन आणि ऊस यांच्या भावावर बोलतात, बंदरांवर नाही. तरीही उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराचा, म्हणजे न्हावा-शेवाचा, धूर कमी करायला निघालेल्या सरकारी पैशाचा धागा सोनपेठपर्यंत पोहोचतो. कसा, ते सांगण्याआधी बंदराची ओळख करून घेऊ.

न्हावा-शेवा 1989 साली सुरू झालं. त्याआधी 1984 मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झालं, त्यात गोळीबारात शेतकरी मारले गेले. आज हे देशातलं कंटेनरांचं अग्रगण्य बंदर आहे. 2024-25 मध्ये इथून सुमारे 73 लाख कंटेनरांइतकी उलाढाल झाली. (मोजमाप वीस फुटी कंटेनरांचं.) बंदर प्राधिकरण स्वतः आता मुख्यतः जमीनमालक आहे. धक्के खासगी कंपन्या चालवतात आणि प्राधिकरण त्यांच्याकडून वाटा घेतं.

धुराचं मूळ तीन ठिकाणी. कंटेनर रचणाऱ्या रबरी चाकांच्या डिझेल क्रेन, आवारात फिरणारे ट्रेलर आणि धक्क्याला लागलेली जहाजं. जहाजाचं मुख्य इंजिन बंद झालं तरी दिवे, पंप, शीत कंटेनर चालू ठेवायला त्यातले जनरेटर तासन्‌तास धडधडत असतात. उपाय साधा वाटतो: किनाऱ्यावरून वीज द्या, जनरेटर बंद करा. पण बरीचशी जहाजं 60 हर्ट्‌झवर चालतात, आपली वीज 50 हर्ट्‌झची. म्हणजे उपकेंद्राबरोबर परिवर्तकही हवा, आणि जहाजावर जोडणीची सोय हवी ती वेगळीच. बंदर म्हणतं, जहाजं तयार नाहीत. जहाज कंपनी म्हणते, बंदरं तयार नाहीत. अशा अडलेल्या कामात पहिला पैसा सरकारनेच घालायचा असतो, असं माझं मत आहे. युरोपीय संघाने 2030 पासून मोठ्या बंदरांत कंटेनर आणि प्रवासी जहाजांसाठी ही सोय कायद्यानेच सक्तीची केली. अमेरिकेने 2022 च्या कायद्यातून स्वच्छ बंदरांसाठी तब्बल तीन अब्ज डॉलर काढले.

आपल्याकडे 2023 च्या मे महिन्यात ‘हरित सागर’ मार्गदर्शिका आली. 2030 पर्यंत टनामागे कार्बन उत्सर्जन 30 टक्क्यांनी कमी, निम्मी वाहनं आणि यंत्रं विजेवर, आणि 60 टक्के वीज अक्षय स्रोतांतून, अशी तिची उद्दिष्टं. हरित टग योजनेत न्हावा-शेवासह चार बंदरांनी प्रत्येकी किमान दोन विजेवरचे टग (मोठी जहाजं ओढणाऱ्या बोटी) घ्यायचे आहेत. योजनेचा अंदाजित खर्च हजार कोटींच्या घरात. 2025 च्या सप्टेंबरात न्हावा-शेवात बॅटरी बदलता येणारे 50 विजेचे ट्रक दाखल झाले. समारंभाचे फोटो छान आले.

पण वीज येते कुठून? ट्रक चार्ज होतो तो राज्याच्या वीज जाळ्यातून, आणि त्या जाळ्यात कोळसा अजून मोठा आहे. सोनपेठला सगळ्यात जवळचं कोळशावरचं वीज केंद्र परळीचं. तिथं 250 मेगावॉटचे तीन संच आहेत, आणि केंद्राला पाणी मिळतं ते सोनपेठ तालुक्यातल्या गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. 2013 च्या दुष्काळात हे पाणी आटलं आणि केंद्र बंद पडलं. राख परळीच्या आसपासच्या गावांना ठाऊक आहे. न्हावा-शेवाचा डिझेलचा धूर बंद झाला, पण वीज कोळशाचीच राहिली, तर उरणच्या हवेचा भार मराठवाड्याच्या पाण्यावर आणि हवेवर थोडा तरी येणारच. (विजेची मोटर डिझेल इंजिनापेक्षा पुष्कळ कार्यक्षम असते, त्यामुळे हिशेब बरोबरीचा नाही, उरणकरांचा फायदा खराच.)

म्हणून टग आणि ट्रकांपेक्षा मला ‘हरित सागर’मधलं अक्षय विजेचं 60 टक्क्यांचं कलम महत्त्वाचं वाटतं. बंदराने दीर्घ मुदतीचा सौर वीज करार केला तर त्याच्या भरवशावर पॅनेल कुठेही लागू शकतात, मराठवाड्यातही, आणि सौर पॅनेलला परळीच्या संचांसारखं बंधाऱ्याचं पाणी लागत नाही. हाच मुद्दा नव्या बंदरालाही लागू आहे. पालघरमधल्या वाढवण बंदरासाठी 76,220 कोटींची मंजुरी 2024 मध्ये मिळाली. ते बांधणाऱ्या कंपनीत न्हावा-शेवा प्राधिकरणाचा हिस्सा 74 टक्के आहे. तिथली विजेची व्यवस्था बांधकामाबरोबरच ठरायला हवी, कारण बंदर एकदा उभं राहिलं की तारा आणि उपकेंद्रं पुन्हा मांडायचा खर्च कुणालाच नको असतो.