पाण्याखालचा डाव (भाग ६) : बॅटरीचा हिशेब

गेल्या तीन भागांत आपण टॉर्पेडो सोडायला शिकलो. समोरच्या जहाजाच्या डोलकाठीच्या उंचीवरून अंतर काढायचे, त्याच्या नाळेचा रोख ओळखायचा, घड्याळ लावून त्याचा वेग मोजायचा. ‘सायलेंट हंटर ३’ या पाणबुडीच्या गेमवर मन लावून सराव केलेल्यांचे नेम आता लागू लागले असतील. आणि नेम लागल्यावर थोड्याच वेळात त्यांची पाणबुडी बुडतही असेल.

हे बुडणे जवळजवळ ठरलेल्या पद्धतीने होते. तेलवाहू जहाज पेटते. काफिल्याच्या कडेने चालणाऱ्या दोन विनाशिका वळतात. खेळाडू घाबरून खाली जातो, वेगाचा काटा शेवटपर्यंत ढकलतो आणि पळत सुटतो. पाण्याखाली पाणबुडी ज्या वेगाने पळते त्याच्या तिप्पट-चौपट वेगाने विनाशिका वरून येते. शिवाय पळणाऱ्या पंख्याचा आवाज तिला स्वच्छ ऐकू येतो. तासाभरात बॅटरीचा काटा लाल रेषेखाली जातो. मग दोनच वाटा उरतात: खाली गुदमरायचे किंवा वर येऊन तोफांसमोर उभे राहायचे. गेमच्या पुस्तिकेत बॅटरीवर फारसे काही सापडत नाही. माझ्या मते मात्र हा सगळा खेळ बॅटरीचाच आहे आणि टॉर्पेडो हा त्यातला लहानसा प्रसंग.

दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची नेहमीची पाणबुडी म्हणजे ‘टाइप सात-सी’. गेममध्ये सुरुवातीला बहुतेक तिचेच जातभाई मिळतात. पृष्ठभागावर डिझेलवर ती १७.७ नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जाते आणि १० नॉटच्या सावकाश चालीने ८,५०० सागरी मैलांची मजल मारते. पाण्याखाली डिझेल चालत नाही, कारण डिझेलला हवा लागते. तिथे बॅटरीवरची विजेची मोटर. तिचा कमाल वेग ७.६ नॉट, आणि ४ नॉटने गेल्यास मजल फक्त ८० सागरी मैल, म्हणजे सुमारे १४८ किलोमीटर. बदलापूरहून सीएसएमटी लोकलने साधारण ६८ किलोमीटर आहे. एकदा जाऊन परत आलात की थोडी शिल्लक उरेल, एवढेच. त्यालाही वीस तास लागतात. ज्या यंत्राच्या नावाने अटलांटिक थरथरत होता त्याची पाण्याखालची ताकद ही अशी. खरे तर ती गरज पडली की बुडी मारू शकणारी बोट होती. पाण्याखाली राहणारी पाणबुडी फार नंतर आली.

आता हिशेबाचा गाभा. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर शक्ती दुपटीने नाही, साधारण आठपट लागते. ४ नॉटला वीस तास पुरणारी बॅटरी ७.६ नॉटला कागदावर पावणेतीन-तीन तास पुरावी. प्रत्यक्षात तेवढीही पुरत नाही. या बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या, आपल्या घरातल्या इन्व्हर्टरखाली असते त्याच जातीच्या, आणि जोराने उपसली की ही जात एकूणच कमी देते. उलट टोकाला वेगळीच गंमत आहे. वेग ४ वरून २ नॉटवर आणला तर आठपट वेळ, म्हणजे १६० तास मिळायला हवेत. मिळतात ६५च्या आसपास, कारण मोटर जवळजवळ काहीच खात नसली तरी दिवे, पंखे, पंप, होकायंत्र यांचा खर्च थांबत नाही. तेव्हा २ नॉटच्याही खाली जाऊन फार काही हाती लागत नाही. दोन नॉट ही सोन्याची चाल आहे. बॅटरी टिकते, पंखा जवळजवळ मुका राहतो आणि सुकाणूचा तोल सुटत नाही.

एवढे कळले की डावपेच आपोआप सुचतात. हल्ल्याला जाताना बॅटरी भरलेली हवी. अर्धी असेल तर काफिला सोडून द्या, दुसरा येईल. रात्री पृष्ठभागावरून काफिल्याच्या पुढे जा आणि त्याची वाट अडवून थांबा. मागून पाठलाग करणारा नेहमी हरतो. टॉर्पेडो सुटताच खोल जा आणि तिथेच रुख बदला, कारण टॉर्पेडोच्या फेसाळ रेषेवरून तुम्ही कुठून मारले ते शत्रूला दिसते. विनाशिकेकडे पाणबुडीची कूस कधी करू नका. नाळ किंवा पिछाडी करा, म्हणजे तिच्या सोनारच्या (आवाजाने शोध घेणाऱ्या यंत्राच्या) लाटेला आदळायला कमी पत्रा मिळतो. आणि मग दोन नॉट.

वेग कधी वापरायचा? मी मोठ्या कष्टाने शिकलेली युक्ती अशी: विनाशिका अगदी डोक्यावर येते तेव्हा तिचे सोनार खालचे ऐकू शकत नाही, आणि डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे बॉम्ब) फुटू लागले की त्यांच्या गडगडाटात काही वेळ कोणालाच काही ऐकू येत नाही. तेवढ्या एका मिनिटात पूर्ण वेग, तीव्र वळण, मग पुन्हा दोन नॉट. तुम्ही खोल असाल तर वरून टाकलेला बॉम्ब तिथे पोहोचेपर्यंत तुम्ही त्या जागी नसता. ही मिनिटे बॅटरीत जपून ठेवावी लागतात. सुरुवातीलाच पळण्यात उधळलीत तर हव्या त्या क्षणी खिसा रिकामा.

उल्हासनगरच्या सायबर कॅफेंत हा गेम कधी रुजला नाही. तासाला पैसे मोजून बसलेल्या मुलाला दुर्बिणीच्या काचेत चाळीस मिनिटे नुसता समुद्र बघणे परवडत नाही. तेवढ्या पैशांत ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये वीस वेळा मरून होते.

खऱ्या युद्धातही जर्मन पाणबुड्यांचा घात याच बॅटरीने केला. बॅटरी भरायला रात्री वर यावे लागे, आणि १९४३ पर्यंत दोस्त राष्ट्रांच्या विमानांवर चांगले रडार बसले होते. अंधार आता आडोसा राहिला नव्हता. त्या एका मे महिन्यात जर्मनीने ४१ पाणबुड्या गमावल्या. उपाय म्हणून स्नॉर्कल आला. पाण्याबाहेर फक्त एक नळी काढायची आणि तिच्यातून हवा घेऊन डिझेल चालवायचे. पुढे तिप्पट बॅटरीची ‘टाइप एकवीस’ आली, पण तोवर युद्ध हातचे गेले होते. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे ४०,००० माणसांपैकी तीन चतुर्थांश परत आली नाहीत.

ही लढाई आपल्यापासून फार दूर होती असे समजू नका. ‘मान्सून’ नावाचा पाणबुड्यांचा जथ्था १९४३च्या शरदात हिंदी महासागरात उतरला आणि अरबी समुद्रात त्याने जहाजे बुडवली. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला सुभाषबाबू कीलहून ‘यू-१८०’मध्ये बसले आणि २८ एप्रिलला मादागास्करजवळ, खवळलेल्या समुद्रात, रबरी होडीतून जपानी ‘आय-२९’वर गेले, सोबत आबिद हसन. त्या सुमारास आजच्या उल्हासनगरच्या जागी लष्कराचा कल्याण कॅम्प होता, बराकींच्या रांगांचा. फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित आले, १९४९ साली गावाला उल्हासनगर नाव मिळाले, आणि तरी आज रिक्षावाला ‘कॅम्प चार का पाच?’ असेच विचारतो.

आपल्या समुद्रातला सर्वांत कडू धडा १९७१च्या भारत-पाक युद्धातला आहे. पाकिस्तानची ‘हँगोर’ ही फ्रेंच डाफ्ने जातीची डिझेल-विद्युत पाणबुडी त्या डिसेंबरात मुंबई ते सौराष्ट्र पट्ट्यात वावरत होती. तिच्या शोधात ‘खुकरी’ आणि ‘किरपाण’ या आपल्या दोन फ्रिगेट निघाल्या. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात हँगोरने पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडला. तो फुटलाच नाही. दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांतच ती बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी जहाज सोडले नाही. सोनारची ऐकण्याची ताकद वाढवण्याचा एक प्रयोग खुकरीवर चालू होता आणि त्यासाठी वेग कमी ठेवावा लागत होता, अशी नोंद आपल्या नौदलाच्या इतिहासात आहे. शोधणाऱ्याला ऐकण्यासाठी मंद व्हावे लागते, आणि मंद झालेले जहाज खालच्याला सोपे सावज होते. गेममध्ये विनाशिका मंद झाली की आपण खूश होतो ते याच कारणाने. त्यानंतर आपल्या जहाजांनी आणि विमानांनी चार दिवस हँगोरचा माग काढला. ती निसटली. गेममध्ये बुडवलेल्या टनांचा आकडा कोपऱ्यात वाढत जातो, माणसांचा आकडा दिसत नाही. हा त्या गेमचा मोठाच खोटेपणा आहे.

आणि आता अंबरनाथ. पूर्वेला शीळ-बदलापूर रस्त्यालगत, आनंदनगरच्या कारखान्यांच्या शेजारी, डीआरडीओची नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळा आहे. इथले लोक तिला ‘एनएमआरएल’ म्हणतात. आपण वर मांडलेला हिशेब उलटवण्याचे काम या भिंतींआड चालू आहे. काम असे की बाहेरची हवा न घेता पाणबुडीने पाण्याखालीच वीज तयार करावी. इंग्रजी आद्याक्षरांनी त्याला ‘एआयपी’ म्हणतात. स्वीडनने त्यासाठी स्टर्लिंग इंजिन घेतले, फ्रान्सने वाफेची टर्बाइन. जर्मनीने हायड्रोजन धातूच्या नळकांड्यांत मुरवून ठेवला आणि फ्युएल सेलला दिला. अंबरनाथने फॉस्फरिक ॲसिडचा फ्युएल सेल निवडला. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन वीज आणि पाणी तयार होते, ज्वाला नाही, धडधड नाही. ऑक्सिजन द्रवरूपात टाकीत नेतात. हायड्रोजन मात्र साठवून नेतच नाहीत. सोडियम बोरोहायड्राइड नावाचे रसायन पाण्याशी मिसळून तो लागेल तसा पाणबुडीतच तयार करतात. यातली खुबी अशी की निघणाऱ्या हायड्रोजनपैकी निम्मा त्या पाण्यातूनच येतो. बंद नळीत माणसे कोंबलेली असताना हायड्रोजनच्या टाक्या सोबत न बाळगणे किती मोलाचे, हे सांगायला नको.

८ मार्च २०२१ रोजी या यंत्रणेच्या जमिनीवरच्या नमुन्याची चाचणी झाली: एकदा दीर्घकाळ चालवून, एकदा पूर्ण ताकदीने. ३० डिसेंबर २०२४ला संरक्षण मंत्रालयाने माझगाव डॉकशी सुमारे १,९९० कोटींचा करार केला, तो ही यंत्रणा बसवलेला पाणबुडीचा तुकडा बांधून पाणबुडीत सांधण्याचा. पाणबुडी मधोमध कापायची, नवा तुकडा मध्ये घालायचा आणि पुन्हा जोडायची.

उशीर झाला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आपल्या कलवरी वर्गाची पहिली पाणबुडी १४ डिसेंबर २०१७ला नौदलात आली आणि सहावी, वागशीर, १५ जानेवारी २०२५ला. सहाही एआयपीविना आल्या. त्यांच्याकडे आजही तोच जुना हिशेब आहे, फक्त मोठ्या वहीतला: कलवरीत ३६० बॅटरी सेल, प्रत्येक ७५० किलोचा, म्हणजे २७० टन नुसती बॅटरी, आणि ती भरायला १,२५० किलोवॅटची दोन डिझेल इंजिने. स्नॉर्कल काढावाच लागतो आणि काढला की दिसण्याची जोखीम येतेच. पलीकडे पाकिस्तान चीनकडून आठ पाणबुड्या घेत आहे, एआयपीसह. त्यांच्या वर्गाचे नाव ‘हँगोर’. या गोष्टीने मला त्रास होतो आणि तो व्हायलाच हवा, असे वाटते.

एआयपीबद्दल एक गैरसमज मात्र आधीच काढून टाका. ती वेग देत नाही. तिची वीज संथ धारेसारखी. तीन-चार नॉटने दोन आठवडे पाण्याखाली राहण्यापुरती. हल्ल्यानंतर पळायचे ते शेवटी बॅटरीवरच. फरक एवढाच की एआयपीवर गस्त घातली तर ती बॅटरी भरलेली राहते. सात-सीचा कप्तान लढाईच्या आधीच अर्धी बॅटरी खर्च करून बसलेला असे. एआयपीवाला पूर्ण बॅटरी घेऊन सुरुवात करतो. आपल्या दोन नॉटच्या नियमाला अंबरनाथची प्रयोगशाळा मुदतवाढ देते आहे, असे म्हणू.

या आठवड्याच्या सरावात एकही टॉर्पेडो सोडायचा नाही. शत्रूच्या किनाऱ्याजवळ जा. पहाटे बुडी मारा, दिवसभर दोन नॉटने पाण्याखाली राहा आणि संध्याकाळी वर येताना बॅटरी किती उरली ते वहीत लिहा. मग ती पूर्ण भरायला किती वेळ वर राहावे लागले तेही लिहा. दुसऱ्या दिवशी चार नॉट, तिसऱ्या दिवशी सहा. वेळ पळवण्याची सोय गेममध्ये आहे. ती खुशाल वापरा, पण विमानाचा इशारा आला की लगेच मूळ चालीवर या. पुढच्या भागात आपण समुद्रातल्या उष्ण-थंड थरांकडे वळणार आहोत. तेव्हा ही वही जवळ ठेवा. थराखाली किती वेळ लपता येईल, हे तिच्यातल्या आकड्यांवरूनच काढायचे आहे.