रातांब्यापासून बाटलीपर्यंत: कोकणातील कोकम प्रक्रियेचा मागोवा

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील कोकम प्रक्रियेचा गेल्या सुमारे पाच दशकांचा प्रवास पाहता असे दिसते की, मूल्यवर्धनाची, म्हणजे कच्च्या मालावर संस्कार करून त्याची किंमत वाढवण्याची कला इथल्या घरांना पूर्वापार अवगत होती. वानवा होती ती भांडवलाची आणि बाजाराच्या वाटेची. एप्रिल-मे महिन्यांत पिकणारा रातांबा, म्हणजे कोकमाचे फळ (मालवणकडे व गोव्यात भिरंड), फोडून बिया काढायच्या, बियांभोवतीच्या गराच्या रसात मीठ घालून त्याची सालींना पुन्हापुन्हा पुटे द्यायची आणि प्रत्येक पुटानंतर त्या कडक उन्हात वाळवायच्या, की आमसूल तयार होते. हे वाळवण पुरे होण्याआधीच मृगाच्या सरी आल्या तर मालाला बुरशी धरते, त्यामुळे आडोशाची सोय नसलेल्यांना कच्चे फळ मिळेल त्या भावाने विकण्यावाचून गत्यंतर नसे.

आमसूल आणि आगळ, म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस, मुंबईस जात ते बहुधा चाकरमान्यांच्या सामानातून. त्याला बाजार म्हणावे की नातेवाइकांची पोच, हा प्रश्नच आहे. 1972 साली दापोलीस कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे ‘कोकण अमृता’सारखे वाणही आले, परंतु छोट्या उत्पादकाच्या हिशेबात खरा फरक साखरेतल्या अमृत कोकमाने, अर्थात सरबताच्या बाटलीने पाडला. बाटलीबरोबर परवाना, लेबल आणि वर्षभराचा माल आधी भरून ठेवण्याची ऐपत या अटीही आल्या. 2006 चा अन्नसुरक्षा कायदा 2011 पासून अमलात आला, तेव्हा लहान उद्योगांना केवळ नोंदणीची सवलत मिळाली. 2020 मध्ये केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेने प्रकल्पखर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, कर्जाशी जोडलेले अनुदान देऊ केले. कोकमाला 2016 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन, म्हणजे प्रदेशाच्या नावावरील कायदेशीर हक्क, मात्र उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवल्याखेरीज लेबलावर वापरता येत नाही.

बियांची कथा याहून निराळी आहे. त्यांतून निघणारे घट्ट तेल घरोघरी फुटलेल्या टाचांना लावले जाई आणि आज त्यालाच सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योगात मागणी आहे. तरीही फळ फोडणाऱ्या घरातून बी बहुतांशी वाळवूनच बाहेर पडते, आणि तेलाचा नफा पुढच्या हातांत जातो.