एकाच सालाचे अनेक रुपये

देवघरातील डबीत, लक्ष्मीपूजनाच्या तबकात किंवा जुन्या पेटीच्या तळाशी जपलेले राणीछाप रुपये आजही अनेक कुटुंबांत आढळतात. कोणाच्या ओटीत पडलेले, कोणी बारशाला हातावर ठेवलेले. पुढे वाटणीची वेळ येते, सारे रुपये एकत्र करून सराफाच्या तराजूत टाकले जातात आणि चांदीच्या भावाने त्यांचा हिशेब होतो. मुशीत गेलेला रुपया पुन्हा रुपया होत नाही. म्हणूनच त्या तराजूपूर्वी एक साधे भिंग आणि नाण्यांची एक प्रमाणभूत सूची हाताशी असणे हिताचे ठरते.

राणीछाप रुपयांत १८६२ सालचा रुपया विशेष परिचयाचा. परंतु या नाण्यावरील साल हे त्याच्या जन्माचे साल असेलच असे नाही. १८६२ हा आकडा कायम ठेवून हे रुपये थेट १८७४ पर्यंत पाडले जात होते. तत्पूर्वी १८३५ सालाचे नाणे १८४० पर्यंत, तर १८४० सालाचे नाणे १८६२ पर्यंत त्याच वर्षाने निघत राहिले.

नाण्यावरील वर्ष असे गोठवण्याची रीत त्याहूनही जुनी आहे, आणि तिचे मूळ सराफकट्ट्यावर सापडते. पूर्वी रुपयावर बादशहाच्या कारकिर्दीचे वर्ष असे. नाणे जुने झाले, की सराफ त्यावर बट्टा कापत, मग त्याची चांदी झिजलेली असो वा नसो. या व्यवहारात सामान्य रयतेचे नुकसान होई. त्यावर उपाय म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमधील शिक्का रुपयावर शाहआलमच्या कारकिर्दीचे एकोणिसावे वर्ष कायम केले. नव्याजुन्यातील भेद दिसेनासा झाला, की बट्ट्याला आधार उरणार नाही, हा त्यामागील विचार होता. पुढे १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या मुलुखात एकसारखा रुपया आला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, आणि त्यातील बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी.

साल गोठले, तरी टांकसाळीला आपल्या कामाची खूण हवी होती. १८६३ पासून मुंबईच्या टांकसाळीने नाण्याच्या मागील बाजूच्या ठशात बारीक ठिपके घालण्यास प्रारंभ केला. ते वर्षाच्या आकड्याखाली, नक्षीतील वरच्या वेटोळ्याच्या वर वा खाली, तर कधी तिन्ही ठिकाणी दिसतात. हेच ठिपके त्या नाण्याचे खरे वर्ष सांगतात. सामान्य नजरेला मळ वाटणारी ही खूण अभ्यासकाला जन्मदाखल्यासारखी असते.

ही खूण वाचण्यासाठी सूची लागते. जगभरातील नाण्यांची क्राउझ यांची सूची सर्वपरिचित आहे. तिच्यातील क्रमांकापूर्वी ‘केएम’ ही अक्षरे येतात. फ्रेड प्रिडमोर यांचे भारतीय नाण्यांवरील खंड १९७५ व १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. पॉल स्टीव्हन्स व रँडी वेअर यांचा १८३५ ते १९४७ या काळातील नाण्यांवरील ग्रंथ २०१२ मध्ये आला. प्रत्येक सूचीचा क्रमांक वेगळा असल्याने नोंद करताना सूचीचे नावही लिहावे.

नाणे पाहण्याचाही क्रम आहे. प्रथम लेख वाचावा. १८४० च्या रुपयावर राणीचे नाव मस्तकावरून सलग गेले आहे, की मस्तकाने ते दुभागले आहे, एवढ्यावरून दोन प्रकार वेगळे होतात. १८६२ च्या रुपयात राणीच्या पोशाखावरील नक्षी सूचीतील चित्राशी ताडून मुखवट्याचा प्रकार ठरवावा. त्यानंतर मागील बाजूचे वरचे फूल मोठे आहे की लहान, हे पाहावे. ठिपके सर्वांत शेवटी मोजावेत. नाणे तिरप्या उजेडात धरले, की ठशातून उमटलेला ठिपका उंचवट्यासारखा दिसतो, तर ओरखडा वा टोचा खोलगट असतो. वाळलेल्या हळदकुंकवाचा कण फसवा ठरू शकतो. अशा वेळी नाणे साध्या पाण्यात भिजवून ठेवावे, घासू नये.

येथेच घरोघरी नकळत हानी होते. दिवाळीपूर्वी पूजेचे रुपये राखेने वा दंतमंजनाने लख्ख घासण्याची प्रथा आहे. त्यात चांदी उजळते, पण ठिपके झिजतात. माळेसाठी नाण्याला भोक पाडले वा कडी जोडली, तरी संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल घटते.

अर्थात, ठिपके सापडले म्हणजे धनलाभ झाला, असे समजू नये. यातील अनेक प्रकार विपुल आहेत. सूचीतील किंमत ही मार्गदर्शक असते. नाण्याची अवस्था आणि मागणी यांवर प्रत्यक्ष भाव ठरतो. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क वा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येतात. ती परवानगीशिवाय परदेशी नेता येत नाहीत, याचेही भान ठेवावे.

घरातील प्रत्येक रुपयाचे वजन, सूचीतील क्रमांक, ठिपक्यांची संख्या व स्थान, तसेच दोन्ही बाजूंचे छायाचित्र एका वहीत नोंदवून ती वही लॉकरच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. वाटणी करताना प्रत्येकाच्या हाती नेमके काय आले, हे मग सर्वांना ठाऊक राहील. जुनेपणाबद्दल रुपयावर बट्टा कापला जाऊ नये, म्हणून त्याचे साल एकेकाळी झाकले गेले. आज तेच साल न वाचता नाणे चांदीच्या भावाने मोडणे, हा आपणच आपल्या ठेव्यावर कापलेला बट्टा ठरेल.